आत कोणी हाय का?

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२५

ती. दादा,
सा. न.

फकिराच्या जीपमधून पाठवलेल्या तुरीच्या शेंगा पोचल्या. तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही आणि व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून मी शाळेत असल्यापासून चालत आलेली आपली पत्रंच बरी. आई म्हणायची, बारा वर्षांच्या बन्सीचे कान तापात गेले आणि त्याच्या हाताला तोंड फुटलं.

एक विचारायचं आहे. या सत्रात मी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकवते आहे. प्रोग्राम लिहायला त्यांना येतं. पण तो कुणासाठी लिहायचा, का लिहायचा आणि चुकला तर कुणाचं काय बिघडेल, हे या विषयात शिकायचं. पहिला महिना मी त्यांना प्रोग्रामची एक ओळ लिहू देत नाही. जा, वापरणाऱ्या माणसाला भेटा, त्याला काय पाहिजे, म्हणजे त्याची गरज, ती त्याच्याच शब्दांत लिहून आणा, असं सांगते. पोरं वैतागतात.

सोनिया, मिहिर आणि धम्मपाल या तिघांच्या गटाला मोबाइलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारी यंत्रणा करायची आहे. सोनियाचे वडील वाळूजला कंपनीत, ती बजाजनगरात वाढलेली. विहीर तिनं बसच्या खिडकीतून पाहिली असेल तेवढीच. या तिघांना तुझ्याकडं पाठवू का?

मी काय मागते आहे ते मला कळतं. लक्ष्मीबाई वहिनी पाइपाच्या तोंडात अडकलेला पाला काढायला विहिरीत उतरली, गेलेली लाईट आली, मोटर आपोआप सुरू झाली आणि पाण्यात करंट उतरला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून तू स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलंस. पावसावर येईल ते पीक घेतोस, बाकी वावर मोकळं. तिनं लावलेल्या मोसंबीच्या ओळी वाळल्या. म्हणून विचारलं. नको असेल तर सरळ नको लिही, मला वाईट वाटणार नाही.

तुझी
दीपा


शेतवस्ती, कन्नड
१३ जानेवारी

चि. दीपा,
आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोरांना महिनाभर कामच करू देत नाहीस आन वर मास्तरीण म्हणवतीस, बरं हाय तुझं.

येऊ दे पोरं. वस्तीवर आता मी एकटाच हाय. शेजारची केसरबाई दिवाळीपासून लेकीकडं जालन्याला गेलीय, तिच्या शेळ्या पण मीच बघायलो. पोरांना चहा भेटंल, भाकर भेटंल, गप्पा भेटणार नायत. काय इचारायचं ते पाटीवर लिहून इचारा म्हणावं.

पेटी उघडून दाखवीन. खटका दाबणार नाय. मोटरीचा आवाज मला कधी ऐकूच यायचा नाय. पायाखालची जमीन थरथरली की कळायचं, सुरू झाली. आता जमीन गप हाय आन मला ती गपच बरी वाटती.

तुझं एक पटलं. माणसाला आधी इचारावं. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू करणारी ती डबी गावोगाव इकली गेली, लई सोयीची म्हणून. आत कोण उतरलंय का, ते डबी बनवणाऱ्यानं कुणालाच इचारलं नाय.

रविवारी सकाळच्या जीपनं पाठव.

बन्सी


पुंडलिकनगर
२१ जानेवारी

ती. दादा,
सा. न.

पोरं परत आली ती वेगळीच होऊन आली. धम्मपाल तुझ्या हातच्या भाकरीचं सांगत सुटला आहे. मिहिरनं तुझ्याशी पाटीवर झालेलं सगळं बोलणं फोटो काढून आणलं: लाईट कधी येते, कधी जाते, विहिरीवर रेंज कुठं मिळते.

पण मला थक्क केलं ते दुसऱ्याच एका गरजेनं. पोरं म्हणाली, तू शेळ्या हाकायला गेलास तेव्हा विहिरीच्या कठड्यावर एक बाई बसल्या होत्या, त्यांच्याशी बोललो. मी ओळखलं, केसरबाई जालन्याहून परत आलेली दिसते. तिनं सांगितलेलं सोनियानं शब्दन् शब्द लिहून आणलं. मी इथं तसंच उतरवते:

"मोटरीनं सुरू व्हायच्या आधी हाक मारावी, आत कोणी हाय का म्हणून. आतून आवाज आला तर लाईट असली तरी सुरू होऊ नये. आमच्या मालकाला ऐकू येत नाय. म्हणून मोटरीला ऐकू आलं पाहिजे."

दादा, इतकी वर्षं मी शिकवते आहे. शहाण्या कंपन्यांच्या कागदांत इतकी स्वच्छ लिहिलेली गरज मी पाहिलेली नाही. काय व्हावं, काय होऊ नये आणि का, तिन्ही आलं. वर्गात फळ्यावर लिहून घेतलं. मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा वहीत उतरवून घेतलं.

तुला ती 'मालक' म्हणते याची गंमत वाटली. केसरबाई तर तुला लहानपणापासून 'बन्श्या' म्हणते. पोरांसमोर मान ठेवला असेल.

तिला माझा नमस्कार सांग.

दीपा


शेतवस्ती
२४ जानेवारी

चि. दीपा,

व्हय, केसरबाईच ती. आलीय जालन्याहून.

पोरांना जरा इचारून कळव. तिच्या अंगावर लुगडं कोणतं होतं? तब्येतीनं कशी वाटली, खंगलेली का बरी? हात कशात होते? हसली का? मी तिकडं शेळ्यांत होतो, माझी भेट झाली नाय म्हणून इचारतो.

आन पोरांना परत पाठव. एकदा इचारून सगळं कळत नसंल. तूच लिहितीस ना, पुन्हा पुन्हा इचारावं लागतं. पुढच्या रविवारी पाठव. त्याच्या पुढच्या पण. त्यांनी माझ्याशी नाय बोललं तरी चालंल, विहिरीवरच बसू दे.

चहाची पत्ती, साखर आणून ठेवलीय.

बन्सी


पुंडलिकनगर
६ फेब्रुवारी

ती. दादा,
सा. न.

पोरं दोन तारखेला येऊन गेली, तुला माहीतच आहे. तू विचारलेलं लिहिते. साडी विटकरी रंगाची. पदर कमरेला खोचलेला. तब्येत बरी. हात कोपरापर्यंत ओले होते, धुणं चाललं असावं. हसली, मिहिरला पोहता येत नाही म्हणाला तेव्हा.

सोनियानं या वेळी बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. मी ऐकलं. आवाज नीट आलेला नाही.

यापुढं पोरांना तिकडं पाठवणार नाही. सत्र छोटं आहे, उरलेलं काम लॅबमध्येच होईल. हाक मारण्याची गरजही मी वगळायला सांगितली आहे. एका सत्रात मावणारी नाही. सोनिया भांडली. म्हणाली, "मॅडम, पहिल्याच तासाला तुम्ही सांगितलं होतं, आपल्याला अवघड जातं म्हणून वापरणाऱ्याची गरज खोडायची नाही." मी तिला वर्गाबाहेर जायला सांगितलं. असं मी आजवर कुणाला केलं नव्हतं.

तू विहिरीकडं फार जात जाऊ नकोस. थोडे दिवस इकडं राहायला ये. खोली रिकामीच आहे.

दीपा


शेतवस्ती
१० फेब्रुवारी

चि. दीपा,

खोटं लिहिताना तू लई छोटी छोटी वाक्यं लिहितीस. शाळेत असल्यापासून.

मी पण खोटं लिहिलं. केसरबाई जालन्यालाच हाय, फोटो पाठवती नातवाचे.

पहिल्या रविवारी मी शेळ्यांत नव्हतो. बांधावर उभा होतो, तिथून विहीर दिसती. पोरं तिघं कठड्यावर बसली होती. माना हलवत होती, लिहीत होती, मधीच हसत होती. मला वाटलं आपसात बोलायलेत. पण तिघांची तोंडं एकाच बाजूला होती आन त्या बाजूला कुणी नव्हतं. निघताना ती सोनिया वाकून पाया पडली. समोर नुस्ती हवा. पाया पडल्यावर तिनं डोकं तसंच खाली ठेवलं, कुणी हात ठेवल्यावर ठेवतात तसं.

मी पळत गेलो. पोरं म्हणाली, बाई आत्ताच गेल्या. कठडा ओला होता. दीपा, त्या विहिरीचं पाणी दोन वर्स कुणी शेंदलेलं नाय.

विटकरी लुगडं तू लिहिलंस तवा मी पत्र खाली ठेवलं. त्या दिवशी तेच होतं तिच्या अंगावर. पोरांना हे कुणी सांगितलं नाय, तुला तरी कुठं माहीत होतं? तू आलीस तवा तिला पांढऱ्यात गुंडाळलं होतं.

रोज सकाळी जाऊन बसायलो. मला दिसत नाय. मला काहून दिसत नाय? पोरांना दिसती, जी तिला ओळखत पण नायत. आता मी पायऱ्या उतरून कमानीखाली बसतो, पाण्यापाशी. वाटतं, वर नाय तर खाली असंल.

पोरांना बंद करू नको. हात जोडतो.

बन्सी


पुंडलिकनगर
१५ फेब्रुवारी

दादा,

पाण्यापाशी बसू नकोस. आधी हे, मग बाकीचं.

आवाज नीट आला होता. भर दुपारी, स्टाफरूममध्ये, माझा डबा अर्धा खाऊन झालेला. सोनिया म्हणाली, "मॅडम, बाई काय बोलतात ऐका ना एकदा," आणि तिनं इयरफोन माझ्या कानात दिला. आधी वारा. मग शेळीच्या गळ्यातली घंटा. मग मिहिर विचारतो, हाक मारल्यावर मोटरीनं थांबायचं किती वेळ? आणि वहिनी बोलली.

तिच्यासारखा आवाज, असं मी लिहिणार नाही. तिचाच. ती म्हणाली, "थांबावं बाबा. पाण्यात असलं की माणसाला चटकन बोलता येत नाय."

मिहिर म्हणतो, पण किती सेकंद? आम्हाला आकडा लागतो. ती म्हणाली, "माणूस वर येईस्तोवर."

मी अर्धा डबा तसाच बंद केला. पोरं समोर उभी होती, त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्यांना एक गावाकडची बाई भेटली होती आणि तिनं छान माहिती दिली होती, बस्स. त्यांना काय सांगू? आणि तुला कसं कळवू? मला वाटलं, काम थांबवलं, गरज खोडली की ती जाईल. मी घाबरले होते दादा. तिला नाही. तुला कळल्यावर तू काय करशील, त्याला.

मग तुझं पत्र आलं. तू ते आधीच करतो आहेस.

सोनियाची माफी मागितली. गरज परत घेतली आहे आणि सगळ्यात वर लिहिली आहे. विहिरीच्या तोंडावर एक कर्णा आणि एक माइक टांगायचा. लाईट आली की कर्णा हाक मारेल, सोनियाच्याच आवाजात, "आत कोणी हाय का?" माइक ऐकेल. कुणी बोललं तर मोटर सुरू होणार नाही.

लॅबमध्ये मोटरीच्या जागी दिवा लावून तपासतो आहोत. मी पोरांना शिकवते, जे व्हायला पाहिजे ते होतं का एवढंच बघू नका, जे व्हायला नको ते होत नाही ना, तेही बघा. बोललं की दिवा लागत नाही. गप्प राहिलं की लागतो. फक्त काल एकदा सगळे गप्प असताना दिवा लागला नाही. धम्मपालनं नोंद बघितली. तिथं उमटलं होतं, उत्तर आलं. दिवसभर त्यांनी चूक शोधली, सापडली नाही. मी त्यांना सांगितलं, नसेल सापडत तर तसं लिहून ठेवा, लपवू नका. लिहिताना मिहिरनं खिडकी लावून घेतली. वारा नव्हता.

तयार झालं की मी स्वतः पोरांना घेऊन येईन. तोपर्यंत वर राहा. माझ्यासाठी.

दीपा


पुंडलिकनगर
२६ मार्च

ती. दादा,

रविवारी तू काहीच बोलला नाहीस. पाटी पुढं केली तरी लिहिलं नाहीस. म्हणून तू खाली असताना वर काय झालं ते तुला लिहून कळवते. तुला ते कळलंच पाहिजे.

चहा झाल्यावर तू दिसेनासा झालास. धम्मपाल म्हणाला, दादा शेळ्यांकडं गेले. आम्ही कर्णा टांगला, माइक सोडला, वायरमन राजकुमारनं पेटी जोडली. मी कठड्यावरून वाकून आत बघितलं होतं. पण कमानीखालची पायरी वरून दिसत नाही, हे मी विसरले. त्याच विहिरीत पोहायला शिकलेली मी.

उन्हं वर आली तेव्हा लाईट आली. कर्ण्यानं हाक मारली. आत कोणी हाय का? विहिरीत ती घुमली आणि विरली. आम्ही थांबलो. मोटर सुरू झाली नाही. मोबाइलवर उमटलं: उत्तर आलं.

मिहिर हसला. "मॅडम, आपलीच हाक घुमून परत येतेय, तिलाच ते उत्तर समजतंय." पटण्यासारखं होतं. घुमणारा आवाज वेगळा काढायची सोय त्यांनी केली होती, पण चुकली असेल म्हटलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. राजकुमार म्हणाला, माइक बाजूला ठेवा, मी खटका दाबून सुरू करतो, पाणी तर बघू. दादा, मी मान हलवली. दोन वर्षांनी पाटात पाणी बघायची मलाही घाई झाली होती.

सोनिया पेटीच्या आडवी उभी राहिली. "उत्तर आलं म्हणतंय ना मॅडम? मग ते खोटं ठरवायच्या आधी ऐकून तरी बघू."

माइकला इयरफोन लावून मी कानात घातला. खाली पाणी हलत असल्याचा आवाज. आणि अगदी जवळून, माझ्या कानाशी तोंड आणून बोलावं तसं, वहिनी म्हणाली, आत माणूस हाय.

मी राजकुमारच्या अंगावर ओरडले आणि पायऱ्यांवर पळाले. तू शेवटच्या पायरीवर बसला होतास. गुडघ्यापर्यंत पाण्यात. पाठ माझ्याकडं. मी हाका मारत होते आणि तू पाण्याकडं बघत होतास. कर्णा तुझ्या डोक्यावर दोनदा ओरडून गेला होता आणि तुला पत्ता नव्हता.

ही आमची चूक, दादा. तीन हुशार पोरं, एक शिकवणारी बाई, महिनाभर तपासणी. आत उतरणारा माणूस मुका असेल तर, पोर असेल तर, बेशुद्ध असेल तर, हे सगळं आम्ही लिहिलं होतं. त्याला हाकच ऐकू येत नसेल तर, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. जिच्या भावाला ऐकू येत नाही तिच्याही नाही. ती बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आमच्या मालकाला ऐकू येत नाय. आम्हाला वाटलं, ती वर पेटीपाशी उभ्या असलेल्या मालकाबद्दल बोलते आहे.

तुला घरात नेल्यावर राजकुमारनं केबल वर ओढली. वहिनी गेल्यावर त्यानंच ती नवी टाकली होती, तरी जोड उघडा पडला होता. तांब्याची तार बोटभर उघडी, पाण्यात. त्यानं आधी पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकला.

आणखी एक. सोनिया तुझ्यासाठी पाणी आणायला आत गेली ती रिकाम्या हातानं बाहेर आली. भिंतीवरचा हार घातलेला फोटो तिनं पाहिला होता. माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, ते जीपमध्ये बसेपर्यंत सोडलं नाही.

केबल बदलली आहे. कर्ण्याबरोबर आता कमानीखाली लाल दिवा लागतो. पण तू उतरू नकोस. लिही काहीतरी. एक ओळ.

दीपा


शेतवस्ती
२ एप्रिल

चि. दीपा,

मरायला उतरलो नव्हतो. तू तसं समजलीस, तुझ्या तोंडावर दिसत होतं. पोरं आली की ती येती, म्हणून तुम्ही आलात तवा मी खाली गेलो. वर तुम्ही, खाली मी. वाटलं, आता कुठं जाईल.

खरं लिहितो, मला तवा पण दिसली नाय. पण पाय पाण्यात होते आन पाणी थरथरलं. मोटर सुरू झाल्यावर जमीन थरथरती तसं नाय. कुणी पाण्यात बोललं तर थरथरंल तसं. दोनदा. मला वाटलं माझ्याशीच बोलती. आता तुझ्या पत्रावरून कळलं, तुमच्याशी बोलत होती, माझ्यासाठी.

राजकुमारनं काल मोटर सुरू करून दिली. लाल दिवा लागला, इझला, मग पाणी आलं. पाटाच्या कडंनं चालत गेलो पार मोसंबीपर्यंत. वाळलेल्या झाडांना पाणी देऊन काय व्हतंय, पण दिलं.

कठडा आता कोरडा असतो. रोज हात लावून बघतो.

दीपा, एक मागतो. ती लग्न होऊन आली तवा माझे कान जाऊन लई वर्स झाली होती. मला तिचे ओठ माहीत हायेत. रागात कसे हालायचे, भाजीत मीठ इसरल्यावर कसे हालायचे. पण आवाज कधी ऐकला नाय मी. कुणाला इचारायची लाज वाटायची. बायकोचा आवाज कसा हाय, हे कुणाला इचारणार?

तू तिच्यासोबत राह्यलीस, आन आता दोनदा ऐकलास. मला लिहून कळव. कसा हाय?

बन्सी


पुंडलिकनगर
१२ एप्रिल

ती. दादा,
सा. न.

दहा दिवस लागले. हे लिहायला मला येतं का, तेच कळत नव्हतं.

परवा पोरांचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढी काटेकोर गरज तुम्हाला सुचली कशी? सोनिया म्हणाली, "आम्हाला सुचलेली नाही सर. लक्ष्मीबाईंनी सांगितली." त्यांनी विचारलं, त्यांनी तयार यंत्रणा पाहिली का? सोनिया म्हणाली, "हो. त्यांनीच ती पास केली."

संध्याकाळी मी वर्गात एकटी बसून ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तुझ्यासाठी. आवाज आहे अजून, गेलेला नाही. मी वही घेऊन बसले होते आणि एक शब्द लिहू शकले नाही. बारीक आवाज, जाडा आवाज, हे तुला सांगून काय उपयोग? तू शेवटचं ऐकलंस ते बारा वर्षांचा असताना. तेव्हाचं तुझ्या कानात जे असेल त्यातलंच काही सापडतं का बघते. बैलगाडी लांबून रिकामी परत यायची, तेव्हा चाकाचा आवाज यायचा ना, थोडा घासलेला, पण ओझं नसलेला? तसा. बोलता बोलता शेवटचं अक्षर ती सोडायची नाही, धरून ठेवायची. हसू आलं की आवाज आधी बंद व्हायचा, मग हसू यायचं.

आणि एक गोष्ट तुला कुणीच सांगितलेली नाही. गेल्या पत्रात मीसुद्धा ती झाकून लिहिली. इयरफोनमध्ये ती 'आत माणूस हाय' म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "बन्सी हाय आत."

मला पहिल्यांदा ऐकल्यावर नवल वाटलं नाही, कारण ती तुला नावानंच हाक मारायची. तुला माहीत नाही. तुझ्यासमोर, गावासमोर, आता माझ्या पोरांसमोरसुद्धा 'मालक', 'अहो'. पण तुझी पाठ वळली की बन्सी. तू बैलांना पेंड घालत असायचास आणि ती तुझ्या मागं चार हातांवर उभी राहून म्हणायची, बन्सी, ए बन्सी, जेवायला ये रे. आई आधी रागवायची, मग तीही हसायची. तुला ऐकू येत नाही म्हणून ती मनसोक्त म्हणायची. मग पुढं येऊन पदर सावरून तुझ्या खांद्याला हात लावायची आणि ओठ हलवायची, अहो, चला. तू कधी मागं वळून बघितलं नाहीस. सारी वर्षं दादा, दिवसातून किती तरी वेळा, तुझ्या पाठीशी तुझं नाव घेतलं जात होतं.

तुला आवाज हवा आहे ना, तर असं कर. गळ्यावर पंजा ठेव, कंठाच्या जरा खाली. हलक्यानं स्वतःचं नाव म्हण, आणि 'सी' लांबव, श्वास संपेपर्यंत. ओरडायचं नाही. जेवायला बोलावतात तसं. हाताला जी थरथर लागेल ती साधारण तेवढीच. ती एवढ्याच आवाजात म्हणायची.

पण विहिरीवर जाऊन म्हणू नकोस. घरात बसून म्हण, दार लावून.

तुझी
दीपा